न छापलेल्या कादंबरीची शिफारस

मुलगी बघायला इंदापूरला गेलो, त्या दिवसापर्यंत मी अभ्यासाच्या पुस्तकांखेरीज एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत मी कामाला होतो. टँकर आला की नमुना काढायचा, फॅट तपासायची, आकडा लिहायचा आणि पुढच्या टँकरकडं वळायचं. राहायला सांगवीत, जाऊन-येऊन मोटारसायकलवर. वाचन म्हणाल तर घरी येणारं वर्तमानपत्र, तेही मागच्या पानापासून सुरू करून क्रिकेट संपेपर्यंत.

मुलीचे वडील इंदापूरच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते. स्थळ मामांनी आणलेलं. "माणूस सरळ आहे," मामा म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको, पत्रिकेचं तर नावच काढायचं नाही. फक्त पोरगा विचार करणारा पाहिजे म्हणतात."

"करतोय की इचार," माझे वडील, आबा, म्हणाले. "आज जेवाय काय हाय, ह्याचा सकाळधरनं इचार करतोय."

त्यांच्या बैठकीच्या खोलीत बुद्धाची मोठी तसबीर होती आणि तिच्या खाली काचेचं कपाट. वरच्या दोन कप्प्यांत राज्यघटना, धम्मावरची, इतिहासावरची जाडजूड पुस्तकं. ती मला अपेक्षितच होती. पण खालचे तीन कप्पे पातळ, मळक्या पुस्तकांनी गच्च भरलेले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिठ्ठी चिकटवून आकडा टाकलेला होता.

मी बघतोय हे सरांच्या लक्षात आलं. "रहस्यकथा," ते म्हणाले. "एकच माला, एकच गुप्तहेर. एकशे सत्तेचाळीस पुस्तकं आलीत आजवर. सगळी आहेत. आमच्या शाळेतले शिक्षक हसतात मला. पण मी पोरांना काय शिकवतो? कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून खरं मानायचं नाही. पुरावा मागायचा. हा गुप्तहेर तीस वर्षं दुसरं काय करतोय?"

मी मान हलवली. पोह्यांची बशी हातात असल्यावर माणसाला दुसरं काही करता येत नाही.

"तुम्ही वाचता?" सरांनी विचारलं.

मी आबांकडं बघितलं. आबा माझ्याकडं असे बघत होते की 'न्हाय' म्हणालास तर परत जाताना मोटारसायकलवर जागा न्हाय.

"हो," मी म्हणालो.

"ही माला?"

"हो."

"किती वाचल्यात?"

इथं मी चार म्हणायला हवं होतं. पाच म्हटलं असतं तरी चाललं असतं. "सगळ्या," मी म्हणालो.

सरांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला त्याच क्षणी लाज वाटली. वीस वर्षं इंदापुरात त्यांना या विषयावर बोलायला माणूस मिळालेला नव्हता, हे मला नंतर कळलं. खुर्ची पुढं सरकवून ते म्हणाले, "मग मला एक सांगा. नवख्या माणसाला पहिलं पुस्तक कुठलं द्याल? माझं मत मी नंतर सांगतो. आधी तुमची शिफारस."

मी कपाटाकडं नजर टाकली. काचेवर दारातल्या उन्हाची तिरीप पडली होती, एकही नाव वाचता येईना. खिडकीतून बाहेर बघितलं. शेजारच्या स्लॅबवर निळी पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर कुणीतरी एक रबरी हातमोजा वाळत टाकला होता.

"निळ्या टाकीतला हात," मी म्हणालो.

 सर उठले, कपाटाच्या वरून एक लांबट वही काढली आणि तिची पानं उलटायला लागले. एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग शेवटापासून उलटं. "हे माझ्याकडं नाही," ते म्हणाले. आपल्याला आणखी एक सख्खा भाऊ आहे असं साठीला आल्यावर कळलेल्या माणसाचा आवाज असतो ना, तसा आवाज. "तुम्हाला कुठं मिळालं?"

"बारामतीत. एसटी स्टँडवर. जुनं होतं."

"आहे घरी?"

"मित्रानं नेलं."

"मित्र कुठं असतो?"

"त्याची बदली झाली. विदर्भात."

अर्ध्या मिनिटात मी एक पुस्तक छापलं, विकत घेतलं, हरवलं आणि कधी जन्माला न आलेल्या मित्राची बदलीही करून टाकली. सर म्हणाले, "शेवट सांगू नका हं. पण सुरुवात सांगा."

मला जगात एकाच गोष्टीची सुरुवात माहीत होती. एक दूध प्रकल्प असतो, मी म्हणालो. तिथं रोज साडेतीन लागणारी फॅट एक दिवस अचानक खाली येते. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. केमिस्टला वाटतं, कुणीतरी पाणी मारतंय. मॅनेजर म्हणतो, गप्प बस, आकडा नीट लिही. तिसऱ्या दिवशी मॅनेजर कामावरच येत नाही. आणि चौथ्या दिवशी धुवायला म्हणून निळी टाकी उघडतात, तर आत...

"आन मग?" आबांनी विचारलं. त्यांचा चमचा हवेतच थांबला होता.

"पुढचं सांगितलं तर मजा जाईल," मी म्हणालो. या एका वाक्यात मात्र खोटं काहीच नव्हतं. पुढचं सांगायला मला तरी कुठं माहीत होतं?

मग मुलीला आणि मला बोलायला म्हणून मागच्या अंगणात पाठवलं. ती पेरूच्या झाडाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "खरंच सगळ्या वाचल्यात?"

"हो."

"मग सांगा, तो गुप्तहेर कुठल्या पायानं लंगडतो?"

"डाव्या," मी म्हणालो.

"तो लंगडत नाही."

मी पेरूकडं बघायला लागलो. ती हसली नाही, रागावलीही नाही. शाळेतल्या बाई फळ्यावरचं चुकलेलं गणित बघतात तशी बघत राहिली. मग म्हणाली, "बाबांना आता काही सांगू नका. इतके खूश मी त्यांना माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा बघितलं नाही. पण लग्नाच्या आत वाचून टाका. बारामतीत भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान असेल की."

"म्हणजे तुमचा होकार आहे?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, एवढं तरी कळलं," ती म्हणाली. "बाकीचं हळूहळू कळेल."

आठ दिवसांत होकाराचं पत्र आलं आणि महिन्यात साखरपुडा झाला. लग्न दोन महिन्यांवर ठरलं. मी दुकान शोधलं, पुस्तकं भाड्यानं आणली आणि प्रामाणिकपणे वाचायला बसलो. पण पहिली पाळी करून आलेला माणूस जेवल्यावर वाचायला बसला तर काय होणार? चौथ्या पानावर प्रेत सापडायचं आणि पाचव्या पानावर मी झोपलेला सापडायचो. साखरपुड्याच्या दिवशी सरांनी सोळा नंबरच्या पुस्तकातल्या मोलकरणीबद्दल माझं मत विचारलं. मी म्हणालो, "बिचारी." नंतर कळलं, तिनं तिघांना विष घातलं होतं. सर मात्र बराच वेळ विचार करून म्हणाले, "हाही एक दृष्टिकोन आहे."

सर स्वतः जेव्हा शिफारस करायचे, तेव्हा ऐकत राहावं असं बोलायचे. त्यांचं म्हणणं, पहिल्या नंबरपासून कधी सुरुवात करायची नाही. पहिल्या दहा पुस्तकांत लेखकालाच आपला गुप्तहेर नीट ओळखीचा झालेला नाही. एका पुस्तकात तो चहा पीत नाही, दुसऱ्यात चार कप पितो. तेवीसपासून सुरुवात करावी. तेवीस ते साठ हा सोन्याचा काळ. शंभरच्या पुढं लेखक दमला, तिथून पुढं खुनी बहुतेक वेळा जुळा भाऊ असतो. "पण सोडायचं नाही," ते म्हणायचे. "इतकी वर्षं ज्यानं सोबत केली, तो म्हातारपणी थोडा चुकायला लागला म्हणून आपण त्याला टाकतो काय?"

आणि हे सगळं झाल्यावर हळूच विचारायचे, "निळ्या टाकीचा काही पत्ता?"

त्यांनी ते पुस्तक शोधायला सुरुवात केली होती. इंदापूर, भिगवण, बारामती अशी सगळी दुकानं पालथी घातली. पुण्याला पेपर तपासायला गेले तेव्हा दोन दिवस रद्दीवाल्यांकडं बसून काढले. आणि मधूनमधून ते मला प्रकल्पात फोन करायचे.

बाहेरचा फोन गेटवर यायचा आणि तिथून प्रयोगशाळेत जोडून द्यायचे. एकदा दुपारी फोन आला, तेव्हा आमचे प्रमुख केमिस्ट माझ्या शेजारीच चहा घेत होते. पलीकडून सरांनी विचारलं, "शेवट नका सांगू. मला फक्त एवढं सांगा, टाकीत जो सापडला तो हात डावा होता की उजवा?"

मी म्हणालो, "डावा, सर."

प्रमुखांनी मान वर केली.

"अंगठी होती बोटात?" सरांनी विचारलं.

"अंगठी होती, पण दुधात राहून सैल झाली होती."

प्रमुखांनी कप खाली ठेवला.

"पोलिसांना कधी कळवलं?"

"नाही कळवलं, सर. मॅनेजमेंट म्हणालं, आधी दूध पुढं जाऊ द्या."

एवढं ऐकल्यावर प्रमुख खोलीत नव्हतेच. फोन ठेवून बाहेर येतो तर दूध उतरवायचं थांबवलेलं, सहा टँकर रांगेत उभे, ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवतायत आणि दोन माणसं शिडीवर चढून मोठ्या टाकीचं झाकण उघडतायत. खाली प्रमुख उभे, चेहरा दुधापेक्षा पांढरा. "हात लावू नका," ते ओरडत होते, "हाताला हात लावू नका!"

मी त्यांना सगळं सांगितलं. मुलगी, कपाट, टाकी, हातमोजा, सगळं. मला वाटलं, आता नोकरी गेली.  त्यांनी आधी टँकर परत चालू करायला सांगितले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते मॅनेजमेंट असं म्हणालं, म्हणजे त्यात केमिस्टही सामील असतो का?"

"तसं अजून ठरलेलं नाही, साहेब," मी म्हणालो.

"नसू दे," ते म्हणाले. "केमिस्ट प्रामाणिक असू दे."

लग्नाला बारा दिवस उरले असताना प्रकाशकांचं कार्ड सरांना आलं. सरांनी आधीच पत्र लिहून विचारणा केली होती, हे मला ठाऊक नव्हतं. ते पत्रिका वाटायला म्हणून सांगवीला आले होते, खिशातून कार्ड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. या नावाचं पुस्तक आमच्या मालेत कधीही निघालेलं नाही, असं टाइप करून लिहिलं होतं, खाली शिक्का.

मी मनात म्हटलं, संपलं. पुरावा समोर आला.

"कळलं ना?" सर म्हणाले.

"कळलं, सर."

"दाबलंय त्यांनी ते पुस्तक." सरांनी आवाज खाली आणला. "दूधवाल्यांचा दबाव आला असणार. छापलं, थोडं विकलं आणि मग बाजारातून उचललं. तुमच्या हातात एक प्रत आली, हा योगायोग. मी सोमवारी मुंबईला जातोय. प्रकाशकाच्या कचेरीत जाऊन बसतो. दोन दिवसांची रजा टाकलीय."

आबा ओसरीवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "पाव्हणं, लगीन तोंडावर आलंय, आन तुमी मंबईला?"

"सत्य शोधायला वेळ काढावाच लागतो," सर म्हणाले आणि पत्रिका देऊन उरलेल्या गावांना निघून गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हा माणूस वर्गात उभा राहून तीस वर्षं पोरांना पुरावा मागायला शिकवत आला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं नुसत्या शब्दावर खरं मानलं असेल, तर ते माझं. मुंबईच्या कचेरीत ते भांडतील, तिथली पोरं त्यांना हसतील. शाळेतले शिक्षक हसतात ते वेगळं. सकाळी उठलो, पाळी बदलून घेतली आणि मोटारसायकल काढून थेट इंदापूर गाठलं.

दार तिनंच उघडलं. माझा चेहरा बघून म्हणाली, "सांगणार?"

"सांगतो."

"चप्पल हाताशी काढून ठेवा," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

सर कपाटापुढं सतरंजीवर बसून पुस्तकांची धूळ झटकत होते. मी खाली बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. निळी टाकी शेजाऱ्यांची. हात म्हणजे रबरी मोजा. मित्र नाही, विदर्भ नाही.

 सरांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. उठून आतल्या खोलीत गेले. मी भिंतीवरच्या तसबिरीकडं बघत बसलो. तिथून तरी रागानं बघणारं कुणी नव्हतं, एवढाच आधार. स्वयंपाकघरात कपबशा वाजायच्या थांबल्या होत्या, म्हणजे तीही ऐकत होती.

सर ती लांबट वही घेऊन बाहेर आले. बसले. चष्मा लावला. शेवटच्या पानावर त्यांनी 'निळ्या टाकीतला हात' असं लिहून समोर जागा मोकळी सोडली होती. खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात संशयितांची नावं होती, पाच. तीन नावांवर फुली.

"म्हणजे ती फॅटची भानगड," ते म्हणाले, "तुम्ही बनवलीत?"

"हो, सर."

"दुधात राहून सैल झालेली अंगठी?"

"मीच."

"मग हात कुणाचा?"

"माहीत नाही, सर."

आणि तेव्हा ते रागावले. इतका वेळ साठवलेला आवाज एकदम वर गेला. "माहीत नाही? माहीत नाही म्हणजे काय? दोन महिने मी डोकं फोडून घेतोय! माणूस खोटं बोलतो, घाबरतो, ते मी समजू शकतो. पण खुनी कोण हे ठरवल्याशिवाय गोष्ट सांगायला बसायचं? ही काय पद्धत झाली? वाचणाऱ्याबद्दल काही आदर आहे की नाही?"

"चुकलं, सर."

"मॅनेजर जिवंतच असणार, असं मी धरून चाललो होतो," ते पुटपुटले. "हात दुसऱ्याचा. अंगठी तेवढी मॅनेजरची. म्हणून सैल."

 हे मला सुचलंच नसतं. "सर, ते बरोबर आहे," मी म्हणालो. "तसंच असणार."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला मत द्यायचा अधिकार नाही."

ती चहा घेऊन आली. सरांनी तिच्याकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"पेरूखालीच कळलं होतं," ती म्हणाली.

"आणि तरी हो म्हणालीस?"

"तुम्हीच म्हणता ना, पुरावा बघायचा. कबूल करतात का, ते बघत होते. अकराच दिवस राहिले होते, म्हटलं उशीर होतोय."

सरांनी चहा संपवला. मग त्यांनी निकाल दिला. लग्न होणार. पण आठवड्याला एक पुस्तक वाचायचं, पहिल्या नंबरपासून, सोन्याच्या काळाची सवलत नाही. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी इंदापूरला येऊन तोंडी परीक्षा द्यायची. मुंबईची रजा त्यांनी रद्द केली.

लग्न पांढऱ्या कपड्यांत, विहारात, अर्ध्या तासात झालं. आमचे प्रमुख केमिस्ट आले होते. जेवताना ते सरांच्या शेजारी बसले आणि केमिस्ट प्रामाणिक कसा, हे त्यांना पटवत राहिले.

मी वाचायला लागलो. पहिली पाच पुस्तकं औषधासारखी घेतली. सहावं डब्याच्या सुट्टीत उघडलं आणि डबा तसाच राहिला. बाहेर टँकरवाला शिव्या देत होता आणि मी आत गुप्तहेराबरोबर एका बंद खोलीत अडकलो होतो. तेविसाव्यापर्यंत पोचलो तेव्हा सरांचं म्हणणं पटलं. पुढं त्यांच्याशी भांडायलाही लागलो. एकतीस नंबरच्या शेवटावरून आमचं इतकं वाजलं की त्या रविवारी ते माझ्याशी बोलले ते सगळं आबांमार्फत.

दोन वर्षांनी मी त्यांना खरीखुरी शिफारस केली. बारामतीच्या आठवडे बाजारात एका पथारीवर मला दुसऱ्याच मालेची अकरा पुस्तकं मिळाली. तिच्यात तपास करणारी एक निवृत्त नर्स होती. ती प्रेताकडं आधी नर्स म्हणून बघायची, मग बाकीचं. मी पहिलं पुस्तक सरांना पाठवलं. त्यांनी ते महिनाभर तसंच ठेवलं. "या वयात मी गुप्तहेर बदलायचा?" असं त्यांनी मला ऐकवलं. मग एक दिवस पोस्टकार्ड आलं. एकच ओळ होती: "दुसरा भाग लगेच पाठवा, मधला एकही सोडू नका." कपाटात त्यांनी रहस्यकथांसाठी चौथा कप्पा करून घेतला.

याच सुमारास मला घरातली एक गोष्ट समजली. बायकोनं वडिलांच्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचली होती, हे मला माहीत होतं. पण एक दिवस ती नवीन आणलेलं पुस्तक घेऊन बसली आणि मी बघितलं, तिनं ते मागून उघडलं. शेवटचं पान वाचलं, मान डोलावली आणि मग पहिल्या पानावर आली.

"हे काय?" मी विचारलं.

"मला आधी खुनी कळलेला बरा वाटतो," ती म्हणाली. "मग तो खोटं कसं बोलतोय, ते निवांत बघता येतं. लहानपणापासून मी असंच वाचते."

"सगळी?"

"सगळी. बाबांना सांगाल तर बघा. त्यांना हे कळलं तर ते अन्न टाकतील."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं इंदापूरला गेलो. सरांनी नर्सच्या चौथ्या पुस्तकाचा विषय काढला आणि कौतुकानं लेकीकडं बघत मला म्हणाले, "हिला खुनी कधीही विसाव्या पानापर्यंत ओळखू येतो. लहानपणापासून. अशी बुद्धी तुम्हाला शोधून सापडायची नाही."

ती माझ्याकडं बघत होती. मी पोह्यांची बशी उचलली आणि म्हणालो, "खरं आहे, सर."